शंभर वर्षांनी उघडायची पेटी

शाळेची नवी भिंत उभी राहताना
तिच्यात एक पेटी चिणायची ठरली.
एस्टोनियातलं आमचं गाव लहान,
शंभर वर्षांनी ते असेल का, हा प्रश्न कुणी काढला नाही.
वस्तूंची यादी माझ्याकडे आली,
कारण माझं अक्षर बरं आहे.

पहिल्या आठवड्यात आलं ते ठरीव:
गायनोत्सवाचा बिल्ला, राईच्या पिठाची कागदी पिशवी,
अग्निशमन दलाचं हेल्मेट (बसेना, परत दिलं),
तिसरीच्या मुलांनी काढलेली भविष्यातली माणसं:
सगळ्यांना तीन डोळे
आणि सगळी हसणारी.

मग लैदा उइबो आली.
वय एक्क्याऐंशी, पाठ ताठ.
पिशवीतून काढला एक टेबलावरचा दिवा,
मानेपाशी वाकवून वाकवून रंग उडालेला.
"एकतीस वर्षं याच्या उजेडात बसले."

दिवसाला सात हजार पिल्लं,
अंड्यातून निघून तास-दोन तास झालेली.
उचलायचं, अंगठ्याने शेपटाखाली जरा दाबायचं,
दिव्याखाली कलतं धरून बघायचं.
मादी डावीकडे.
नर उजवीकडे, तो अंडी घालत नाही.
उजवीकडे पट्टा होता, पट्ट्याच्या टोकाला यंत्र.
यंत्राचा आवाज कसा होता, हे कुणी विचारलं नाही.

"हे कशाला?" मुख्याध्यापक पिह्लाक म्हणाले,
"लोक काय म्हणतील?"
"कुठले लोक?"
"ते," त्यांनी अर्धवट भिंतीकडे हात केला,
जणू पलीकडे उभेच होते ते,
अजून जन्माला न आलेले,
हाताची घडी घालून.

पाद्रीबाई म्हणाल्या, ठेवू या,
सोबत माफीचं पत्र असावं.
"मी एकटीनेच मागू?" लैदा म्हणाली.
"सकाळी ऑम्लेट कुणी कुणी खाल्लं?"
पाद्रीबाईंनी उगाच रुमालाने ओठ टिपले.

तरी पत्र तिने लिहिलं. मी नक्कल केली, म्हणून पाठ आहे:
"गार हातात पिल्लू दचकतं.
म्हणून हिवाळ्यात मी चहाच्या पेल्यावर हात शेकायची
आणि मगच कामाला लागायची.
हे खरं आहे.
उजवीकडचा पट्टाही खरा आहे.
तुम्ही आमच्यावरून कसे भांडाल, मला ठाऊक नाही.
कदाचित तुम्हाला पट्ट्याचं काहीच वाटणार नाही
आणि चहाच्या पेल्याचाच संताप येईल.
भांडा. पण दोन्ही वाचून भांडा."

पेटी बंद करायच्या दिवशी
ती एकेक वस्तू यादीशी ताडून बघत होती,
सवयीने, भराभर.
बेचाळिसाव्या क्रमांकावर थांबली.
"हा तुझा ना?"

आईचा नव्वदावा वाढदिवस.
पाइनच्या झाडांमागचा वृद्धाश्रम: उत्तम जागा, स्वच्छ,
प्रत्येक पलंगाशी घंटीचं बटण.
मुद्दाम हा फोटो निवडला होता मी;
पेटीत एवढं आनंदाचं दुसरं काही नव्हतं.
जांभळांचा केक, मागे नऊ नातेवाईक,
मधोमध आई, कागदी मुकुट घालून.

लैदाने तो दोन बोटांत धरला,
खिडकीच्या उजेडात कलता केला.
तीन सेकंद, फार तर.
"सगळ्यांच्या अंगात कोट आहेत," म्हणाली
आणि फोटो माझ्या हातात दिला.

मी पाहिलं.
माझा तर गळ्यापर्यंत बटणं लावलेला.
भावाच्या हातात गाडीची किल्ली.

यादीत माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं:
४२. वाढदिवस. केक. कुटुंब.

डावीकडे पेटी उघडी होती,
उजवीकडे माझी पिशवी.
दारातून गवंडी विचारत होता,
झालं का?
सिमेंट आळायला लागलंय.